अदृष्ट जीव आणि आमचें कर्तव्य

भडगांवास गिरणेच्या कांठीं राहणाऱ्या आमच्यासारख्या मास्तरानें समुद्राच्या तळाची चिंता वाहावी, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या वायूवर आज घरोघरीं शेगड्या पेटतात, त्याच्या शोधार्थ मनुष्य खोल समुद्रांत उतरला आहे. १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस 'बॉम्बे हाय' सांपडलें, तेथील पाणी उथळ होतें. कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर मात्र २००९ सालीं खोल पाण्याखालून वायु काढण्यास आरंभ झाला.

त्याच समुद्रांत, हजार मीटरहून अधिक खोलीवर, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांस अलीकडे मिथेन वायूचे शीत झरे आढळले. आमच्या उनपदेवाच्या झऱ्यासारखे ते ऊन नसतात, म्हणून शीत. गोदावरी गिरणेप्रमाणेंच नाशिककडील सह्याद्रींत उगम पावते. तिनें युगानुयुगें नेलेल्या गाळांत जे पालापाचोळ्याचे व जीवांचे अवशेष पुरले गेले, त्यांपासून सूक्ष्म जंतु मिथेन तयार करितात. तो फटींतून झिरपतो तेथें सूर्यकिरण कधींच पोंचत नाहीं. तरी त्यावर जगणारे जंतु, व जंतूंच्या आश्रयानें शिंपले आणि नळींत राहणारे कृमि, अशी वस्तीची वस्ती नांदते. या कृमींस तोंड नाहीं, जठर नाहीं. असले झरे प्रथम १९८४ सालीं मेक्सिकोच्या आखातांत दिसले. तेथील कांहीं कृमि दोनशें वर्षांहून अधिक जगतात असें अनुमान आहे. म्हणजे शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें तेव्हां जन्मलेला जीव आज तेथें हयात असावयाचा! विहीर खणतांना निघालेला चिखल व चुरा त्यावर पडला, कीं एका दिवसांत सारें संपलें.

"जें कोणी पाहणार नाहीं, तें गेलें तर कोणाचें काय गेलें?" असें आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें. हे जंतु मिथेन खाऊन तो वर येऊं देत नाहींत, हें उत्तर आमच्या ओठांवर आलें होतें. तें खरेंहि आहे. पण आम्हीं तें दिलें नाहीं. उपयोग दाखवून ज्याचा जीव वांचवावा, त्याचा उपयोग सरतांच त्यास मारण्याची परवानगीहि आपण देऊन बसतों. आमच्या अंध आजीची सेवा आम्हीं उपयोग पाहून केली नव्हती.

उलट बाजूहि आम्ही जाणतों. पऱ्हाट्यांच्या धुरानें लाल झालेले आईचे डोळे आम्हीं पाहिले आहेत. घरांत वायु आला तो दिवस तिला दिवाळीसारखा वाटला. तेव्हां विहिरी खणूंच नयेत, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. खणण्यापूर्वीं तळ नीट पाहावा आणि जेथें वस्ती असेल तेथून दूर राहावें, एवढेंच मागणें आहे. मेक्सिकोच्या आखातांत अमेरिकन सरकारनें अशा वस्त्यांपासून सुमारे २००० फुटांचें अंतर नेमून दिलें. म्हणजे गोष्ट अशक्य नव्हे, महाग आहे.

ती महागाई अखेर आमच्याच सिलिंडरावर पडेल. "मग, सर, तुम्ही द्याल?" असें त्या विद्यार्थ्यानें पुढें विचारलें. देऊं, असें आम्हीं म्हटलें खरें. परंतु गेल्या खेपेस भाव चढला तेव्हां सर्वांत मोठ्यानें कुरकुर आम्हींच केली होती, हें आमच्या कुटुंबानें आंतून ऐकविलें.