दूरस्थाचे सुतक

परगावी असलेल्या माणसास घरच्या मृत्यूची वार्ता कळवावी की लपवावी, हा प्रश्न आपल्या कुटुंबांस नवा नाही. पूर्वी पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीस असणाऱ्या मुलास ‘वडील अत्यवस्थ, ताबडतोब निघावे’ अशी तार जाई. तार वाचणारा काय समजावयाचे ते समजे; तार करणाऱ्याचीही तशीच अपेक्षा असे. ते असत्य एका रात्रीच्या प्रवासापुरते होते. गाडी स्टेशनात शिरली की ते आपोआप संपे. परंतु जेथून निघून येणेच अशक्य, अशा ठिकाणी मुलगा गेला असेल तर? तेथे असत्याला शेवटचे स्टेशन नाही.

असे एक ठिकाण आज खरोखरच आहे, आणि त्याची वाट आपल्या गोव्यातूनच सुरू झाली आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी मुरगाव बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली. १९८३ च्या अखेरीस निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत होत्या. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या काम करीत. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले ठाणे उभे राहिले. पुढे १९८९ मध्ये ‘मैत्री’ व २०१२ मध्ये ‘भारती’ ही ठाणी झाली. त्यांचा सारा कारभार वास्को येथील केंद्रातून चालतो.

तेथे केवळ शास्त्रज्ञच जातात, असा एक समज आहे. वास्तविक शास्त्रज्ञास संशोधन करता यावे म्हणून जे घर चालवावे लागते, ते स्वयंपाकी, डॉक्टर, वीजतंत्री, वेल्डर आणि डिझेल इंजिनाचे मेकॅनिक चालवितात. त्यांची भरती मुदतीच्या करारावर होते. दिल्लीस वैद्यकीय तपासणी, औलीस बर्फातील सराव, मग प्रयाण. काही जण तिकडच्या उन्हाळ्यापुरते, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, राहून परततात. उरलेले हिवाळ्यासाठी मागे राहतात. मार्चच्या सुमारास शेवटचे जहाज वळले की नोव्हेंबरापर्यंत जहाज नाही, विमान नाही. ‘मैत्री’वर सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. पंचवीसएक माणसे, आणि त्यांची ऊब, पाणी व प्रकाश जनित्राच्या एका घरघरीवर अवलंबून. ती थांबली तर सारे थांबले.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. आपल्या बिदर जिल्ह्यातील संतपूरचा एक मुलगा डिझेल मेकॅनिक म्हणून तेथे हिवाळ्यास राहिला आहे. जून महिना. इकडे पहिल्या पावसावर तुरीची पेरणी चालली असता वडील अचानक गेले. धाकटा भाऊ अग्नी देतो. त्यास शास्त्राची पूर्ण अनुज्ञा आहे. तेराव्याच्या आधीच घरची वडीलधारी मंडळी एकत्र बसून ठरवितात : थोरल्याला सांगायचे नाही. सांगून तो येणार थोडाच? उगाच तिथे झुरेल.

या निर्णयामागे माया आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु मायेचाही हिशेब मांडला पाहिजे. उपग्रहाच्या कृपेने त्या ठाण्यावर आता फोन लागतो. मुलगा आठवड्यास एकदा बोलतो. तो विचारील, “बाबा कुठं आहेत?” कोणी तरी सांगेल, “रानात गेलेत.” पुढच्या आठवड्यात “झोपलेत”, त्याच्या पुढच्या आठवड्यात “भालकीला लग्नाला गेलेत”. असे पाच महिने. आणि हे सांगावयाचे कोणी? बहुधा आईने, कारण तो आईशीच बोलावयास मागेल. जिने नुकतेच कपाळावरचे कुंकू पुसले, तिने स्वर सांभाळून नवरा रानात गेल्याचे सांगावयाचे! मुलाचे दुःख टाळण्यासाठी विधवेच्या शोकावर ही सक्ती करण्याचा अधिकार घरच्या पुरुषांस कोणी दिला?

मौन आणि असत्य यांत अंतर आहे, हे आम्ही जाणतो. न विचारलेले न सांगणे एक वेळ क्षम्य ठरेल. पण मौनाने सुरू झालेली गोष्ट पहिल्या प्रश्नासरशी असत्य होते.

येथे एक जुना निबंधकार आठवतो, आणि तो परका नाही. ‘मिताक्षरा’ लिहिणारे विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळचे. ती कल्याणी म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील बसवकल्याण. आम्हां वकिलांचा मिताक्षरेशी संबंध वाटणी-वारशापुरता. तिचे प्रायश्चित्त व आशौच यांविषयीचे प्रकरण कोर्टात कोणी उघडीत नाही. पण परदेशस्थाच्या आशौचाचा विचार तेथे आहे. दूर असलेल्या सपिंडास दहा दिवसांच्या आत वार्ता कळली तर उरलेल्या दिवसांचेच सुतक. काळ उलटून गेल्यावर कळली तर सवलत आणखी मोठी. मात्र माता-पित्यांच्या बाबतीत ही सवलत नाही. तेथे पैठीनसीच्या वचनाचा आधार घेतला आहे : पुत्र कितीही दूर असो, ज्या दिवशी ऐकेल त्या दिवसापासून त्याने पूर्ण दहा दिवस सुतक पाळावयाचे.

या नियमास कोणी केवळ विटाळाचा नियम म्हणेल. आम्ही त्याचा अर्थ निराळा लावतो. शास्त्रकारांनी अंतर मान्य केले, उशीर मान्य केला, अग्नी दुसऱ्याने देणेही मान्य केले. पण मुलाचे दहा दिवस त्यांनी कापले नाहीत. ते दहा दिवस ऐकण्यापासून सुरू होतात. म्हणजे जो ऐकवीत नाही, तो ते दहा दिवस अडवून धरतो. ‘मैत्री’च्या काळोखात सूर्योदय नाही, तेथे दिवस घड्याळाने मोजावे लागतील. सरोवरात तीळ सोडता येणार नाहीत. परकी बीजे तेथील पाण्या-मातीत टाकण्यास आंतरराष्ट्रीय कराराने मनाई आहे, आणि शिवाय त्याच सरोवराचे पाणी सर्वांनी प्यावयाचे असते. न्हाणीघरातील ओंजळभर पाणी पुरेल. विधी आखडता येतो.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण येथे सहज सुचते. आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते असे प्रतिपादणारा त्यांचा ग्रंथ १९०३ चा. त्यातील दीर्घ रात्री त्यांनी ग्रंथांतूनच पाहिल्या. पण न परतता येण्याचा अनुभव त्यांना मंडालेस आला. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. तुरुंगात तार गेली. हा आघात फार मोठा असल्याचे आणि अशा वेळी आपण जवळ नव्हतो हेच अधिक लागल्याचे टिळकांनी भाच्यास लिहिले. त्याच पत्रात मुलांविषयीही लिहिले. वार्ता दडविली असती तर ते पत्र गेले नसते, आणि आईवेगळ्या मुलांस बापाचा शब्द दोन वर्षे मिळाला नसता.

आता उलट बाजूचा खरा मुद्दा घेतला पाहिजे. ‘झुरेल’ हा मुद्दा दुबळा आहे; जनित्राचा मुद्दा दुबळा नाही. ज्याच्या हातावर पंचवीस जणांचे प्राण आहेत, त्याचा हात थरथरू नये यात इतरांचाही हक्क गुंतला आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, वार्ता प्रथम तेथील प्रमुखास व डॉक्टरास कळवावी. त्यांनी त्या मुलाची पाळी दुसऱ्यास द्यावी, जवळचा सोबती शेजारी बसवावा, मग सांगावे. एवढ्यास काही तास लागतील, फार तर एक-दोन दिवस. इतरांच्या हक्काने एवढीच मुदत मिळते. नोव्हेंबरापर्यंतची मिळत नाही.

मुलानेच निघताना ‘काही झाले तरी मी येईपर्यंत कळवू नका’ असे सांगितले असेल, तर गोष्ट वेगळी. आपला हक्क माणूस स्वतः सोडू शकतो. मात्र फोनवर त्याने स्वतःहून सरळ विचारले, तर ते सोडणे त्याने तेथेच मागे घेतले असे आम्ही धरू. म्हणून ही गोष्ट प्रयाणापूर्वी घरात बसून, आई-वडिलांच्या समक्ष बोलून घ्यावी. अशुभ बोलू नये म्हणून ती टाळली जाते, आणि मग ठरविण्याचे काम चुलत्यांकडे जाते.

उरतो तो सर्वांत कठीण पक्ष : मरणाऱ्या बापानेच ‘त्याला कळवू नका’ असे सांगून डोळे मिटले, तर? अंतकाळचा शब्द मोडणे आपल्याकडे पाप मानतात. येथेही आम्ही मिताक्षरेकडेच वळतो. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, असा तिचा प्रसिद्ध सिद्धांत आहे. बाप आपल्या वाट्याचे काय ते करो. मुलाचा वाटा त्याच्या शब्दाने दुसरीकडे जात नाही. ती वार्ता मुलाच्या वाट्याची आहे.