अकरा दाढ्या, दहा पाती

रत्नागिरीत मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला दोन खुर्च्यांचं एक केशकर्तनालय आहे. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर, खाली आरसा आणि आरशाशेजारी खिळ्याला टांगलेला, वस्तरा परजायचा चामोटा. चामोट्याला आता काम उरलेलं नाही. एड्सची भीती पसरली तेव्हापासून दुकानात अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला. कागदी पाकिटातलं ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवायचं, दाढी झाली की काढून डब्यात टाकायचं. एका ब्लेडमध्ये दोन गिऱ्हाइकं. परजायची कटकट नाही आणि एकाचं रक्त दुसऱ्याला लागायची भीतीही नाही.

दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्याचा नातू बारावी करून दुकानात आला. केसांचं मशीन त्याने आठवड्यात हाताखाली घातलं. दाढीचं काय, मोबाइलवर बघून येईल, असा त्याचा हिशेब होता. आजोबांनी त्याच्या हातात ठेवला तो जुना, अखंड पात्याचा जर्मन वस्तरा.

"हा आता कुणाला लावायचा?"

"कुणाला नाही. तुला शिकायला."

पहिले कित्येक दिवस नुसता चामोटा. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवरच उलटायचा आणि परत यायचं. धारेवर उलटला की चामडं कापलं जातं. नातवाने ते दोनदा कापलं. शिवाय रत्नागिरीची खारी हवा. पोलाद रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी तांबूस डाग पडलेले. म्हणून प्रत्येक वेळी कोरडं पुसायचं आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. दाढीला हात नाही आणि ही सेवा कसली, असं पोराला वाटे.

मग गाडगं. मातीच्या गाडग्याला साबणाचा फेस फासायचा आणि तो खरडण्याचा आवाज न करता काढायचा. गाडग्यानंतर फुगवलेला फुगा. तो फुटला की दुकानातली पोरं हसत. पुढे स्वतःची नडगी. या सगळ्यातून त्याला कळलं ते हे की वस्तरा उजव्या हातात असला तरी निम्मी दाढी डावा हात करतो. डाव्या हाताची बोटं कातडी ताणून धरतात, केस कुठल्या दिशेला वळलेत ते चाचपतात. गळ्यावर तर बोटभर अंतरात दिशा बदलते. वस्तरा कातडीशी तीस अंशांच्या आसपास धरायचा. फार आडवा झाला तर केस ओढले जातात, फार उभा झाला तर कातडी निघते. आणि धारेच्या लांबीच्या दिशेने आडवा सरकवायचा नाही, कधीच नाही.

नवशिका धारेला भितो. खरं भ्यायचं ते बोथट पात्याला. चांगली धार स्वतःच्या वजनाने चालते. धार गेली की हात नकळत दाबतो, आणि कापतो तो दाबलेला हात. हे आजोबांनी किती वेळा सांगितलं असेल, पण सांगून कळण्यातली ही गोष्ट नाही.

काम नसलं की आजोबा गोष्टी सांगत. जिवा महालाची पोराला तोंडपाठ होती. 1659 साल, प्रतापगड, शिवरायांवर उगारलेला सय्यद बंडाचा हात आणि तो छाटणारा जिवा. न्हाव्यांच्या प्रत्येक घरात ती सांगतात आणि सांगावीच. आजोबांकडे दुकानात सहसा न निघणाऱ्या दोन गोष्टी आणखी होत्या. एक मुंबईतली, 1890 सालची. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. दुसरी आपल्याच जिल्ह्यातल्या घराण्याची. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्या घराण्याचं मूळ गाव, मुलाचं बालपण मात्र साताऱ्यात गेलं. साताऱ्यात न्हावी होते, या घराकडे द्यायला पैसेही होते, तरी मुलाचे केस घरच्या ओट्यावर थोरली बहीण कापायची. कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. तो मुलगा पुढे बाबासाहेब आंबेडकर झाला आणि त्याने हे लिहून ठेवलं.

"दोन्ही वेळा वस्तरा नाहीच म्हणाला," आजोबा म्हणत. "पहिली गोष्ट सांगितली की मान वर होते. दुसरी सांगितली की होत नाही."

पोरगा हं म्हणायचा. गोष्टी ऐकताना सगळेच योग्य बाजूला असतात.

जुलैचा शेवटचा आठवडा आला. 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. 1 ऑगस्टला दर्या उघडतो. त्याआधी बंदरावर धांदल उडते. जाळी दुरुस्त होतात, होड्यांना रंग लागतो, आणि सुट्टीला घरी गेलेले नेपाळी खलाशी परत येतात. रत्नागिरीच्या होड्या आता मोठ्या प्रमाणात या माणसांच्या जिवावर चालतात, आंब्याच्या बागा राखायलाही तेच. गावात मात्र प्रत्येकाचं नाव एकच, बहादूर. खरं नाव विचारायची पद्धत नाही.

तोपर्यंत नातू गिऱ्हाइकांच्या दाढ्या करू लागला होता. रविवारी दुपारी आजोबा जेवायला आत गेले आणि दुकान त्याच्यावर आलं. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका दाढी करून उठले. बाकावर चार जण ताटकळलेले. पुढचा नंबर एका खलाशाचा होता, प्रवासाची दाढी वाढलेला. पोराने वस्तऱ्यातलं पातं पाहिलं. एकच तर दाढी झालीय. पाकीट खणात होतं. खण उघडायला वाकावं लागलं असतं. तो वाकला नाही.

राठ दाढी आणि धार उतरलेलं पातं. हनुवटीच्या खाली हात दाबला गेला. लाल रेघ उमटली. त्याने तुरटी फिरवली. खलाशाने डोळे उघडून "हो गया?" विचारलं, पैसे दिले आणि पावसात निघून गेला.

रात्री आजोबांनी रोजच्यासारखा हिशेब केला. गल्ल्यात अकरा दाढ्यांचे पैसे होते आणि डब्यात दहाच पाती. ते काही बोलले नाहीत.

सकाळी दुकान उघडल्यावर म्हातारा स्वतः खुर्चीत बसला. मान मागे टाकून म्हणाला, "आज माझी कर."

हा मान त्याने पोराला आजवर दिला नव्हता. पोराने गरम पाणी आणलं, मन लावून फेस केला, आणि वाकून खणातलं पाकीट काढलं.

"ते ठेव. डब्यातलं एक घे."

"आजोबा, वापरलेली आहेत ती!"

"एखाद्याच दाढीला वापरलेली. धार आहे अजून."

"म्हणून काय तुम्हाला लावू?"

म्हाताऱ्याने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "हात बघ कसा आपोआप खणाकडे गेला. म्हणजे शिकवण्यात माझं काही कमी पडलं नाही. काल तो कुणासाठी गेला नाही?"

पोरगा गप्प राहिला.

"नाव काय त्याचं?"

"बहादूर."

"ते मला पण ठाऊक आहे," आजोबा म्हणाले, आणि चेहऱ्यावरचा फेस टॉवेलने पुसून उठले. त्या दिवशी त्यांनी स्वतःची दाढी स्वतःच केली.

पोरगा दुपारी बंदरावर गेला. बर्फ भरणाऱ्या माणसांत तो खलाशी सापडला. हनुवटीखालची खपली दिसत होती. पोराने त्याला पहिल्यांदा नाव विचारलं. मग मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, पातं कसं बदललं नाही तेही. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यायला आपण सोबत येतो, असंही म्हणाला. खलाशी ऐकून घेत होता, हात थांबले नव्हते. "देखेंगे," एवढंच म्हणाला. तो दवाखान्यात गेला की नाही, हे पोराला कधी कळलं नाही. दुकानात मात्र तो पुन्हा आला नाही. बाकीच्या खलाशांकडून कळलं, आता तो वरच्या नाक्यावर दाढी करतो.

तेव्हापासून पोराची एक रीत पडली. गिऱ्हाईक बसलं की पाकीट त्याच्या डोळ्यांसमोर धरायचं, ब्लेड तिथेच मोडायचं, मगच खुर्ची मागे टाकायची. पुढच्या रविवारी पोस्टातले काका आले. एक गाल झाला, पातं अडकतंय म्हणून पोराने नवं पाकीट काढलं आणि सवयीने पुन्हा त्यांच्यापुढे धरलं.

काका रत्नागिरीचेच, बोलणं तिरकस. "हे दाखवायचं नाटक नवीन दिसतंय. मग इतके दिवस काय करत होतास?"

शेजारच्या खुर्चीवर आजोबा कुणाचे तरी केस कापत होते. कात्री न थांबवता म्हणाले, "सांग त्यांना."

पोराने सांगितलं. काकांच्या एका गालावर फेस होता, एक गाल गुळगुळीत. अशा अवस्थेत माणूस उठून जाणार तरी कुठे! त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे माझं पातं तू त्याच्या गळ्याला लावलंस?"

"हो."

काकांनी आरशात स्वतःचा अर्धा चेहरा न्याहाळला. खिशातून चष्मा काढून चढवला आणि हात पुढे केला.

"उरलेली अर्धी कर. पण आधी बघू ते पाकीट."