बातमी खरी, की हवीशी?

२ जानेवारी १९४३. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पहाटे पोलीस आले आणि त्यांच्या गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने इंग्रज सरकारला जेरीस आणलं होतं. त्यांचा ठावठिकाणा फितुरीने कळला, असं या भागात आजही सांगतात. ते खरं धरलं तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट मान्य करावी लागते: बातमी देणारा बेइमान होता, पण बातमी चोख होती.

माणूस विश्वासू तर बातमी खरी, असं आपण सहज धरून चालतो. हेरगिरीचा विचार मात्र या समजुतीपासून हळूहळू दूर गेला. कौटिल्याने एकट्या हेराच्या शब्दावर भिस्त ठेवलीच नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचं सांगणं जुळलं तरच ते मानावं, आणि ज्याचं वारंवार जुळत नाही त्याला गुपचूप शिक्षा करावी किंवा काढून टाकावं, असा त्याचा दंडक. म्हणजे भरवसा माणसावर नाही, पडताळ्यावर.

पण पडताळलेली बातमीही शिळी होते. शहापूरजवळचा माहुली गड पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला होता. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी त्यावर रात्रीची चढाई केली, तेव्हा मनोहरदास गौड हा किल्लेदार सावध होता. हल्ला फसला. त्याच जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला, तोवर मनोहरदास तिथून गेला होता. कडे तेच, तट तोच. बदलला होता तो वरचा माणूस. फेब्रुवारीतला गड जूनमध्ये तसाच राहिला नव्हता.

१८३२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रशियन सेनाधिकारी क्लाउझेविट्झच्या युद्धावरील ग्रंथात याच्या पुढचं पाऊल दिसतं. रणांगणावरच्या बहुतेक खबरा परस्परविरोधी किंवा खोट्या असतात आणि भीती त्यांना आणखी फुगवते, असं तो सांगतो. इथे संशयाचं बोट ऐकणाऱ्याच्या मनाकडेही वळलं. भीती खबर फुगवते, तशी इच्छाही फुगवते, हे इराक युद्धाने दाखवलं.

रफीद अल्वान हा इराकी केमिकल इंजिनिअर १९९९ मध्ये जर्मनीत आश्रयाला आला. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याच्याकडे ट्रकवर फिरणाऱ्या जैविक अस्त्रांच्या प्रयोगशाळा आहेत, असं त्याने जर्मन गुप्तचरांना सांगितलं. त्यांना त्याच्याबद्दल शंका होत्या. अमेरिकी गुप्तचरांनी युद्धापूर्वी त्याची स्वतः उलटतपासणी केलीच नाही. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी तीच कहाणी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मांडली आणि तिला चार जणांचा आधार असल्याचं सांगितलं. त्यातला एक जण थापा मारतो, अशी नोंद अमेरिकेच्याच लष्करी गुप्तचर खात्याने २००२ मध्ये केली होती. अल्वानने सांगितलेल्या जागी संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक युद्धाआधीच पोचले. जिथून ट्रक ये-जा करतात म्हणून तो सांगत होता, तिथे भिंत होती. तरी मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. २०११ मध्ये त्याने खोटं बोलल्याची कबुली दिली. सद्दामची सत्ता जावी, एवढंच त्याला हवं होतं.

मुरबाडच्या म्हसा यात्रेत बैल घेणारा शेतकरी दलालाचं सगळं ऐकून घेतो. पण पैसे मोजण्याआधी बैलाचे दात बघतो, त्याला चालवून बघतो. वॉशिंग्टनमध्ये दात बघणारे नव्हते असं नाही. सौदा आधीच ठरला होता, म्हणून त्यांचं ऐकायला कुणाला उसंत नव्हती.

कौटिल्याचा दंडक इथे अपुरा पडतो तो याचमुळे. ऐकणाऱ्याला हवं तेच ऐकायचं असेल, तर तीन काय, तेरा तोंडं जुळवता येतात. अल्वान लबाड होता, पण एका निर्वासिताच्या लबाडीने सैन्य हलत नाही. ते हलतं सत्तेच्या गरजेने. म्हणून युद्धाचा निर्णय घेणाऱ्यांना 'तुमची माहिती कुठून आली?' एवढंच विचारून भागत नाही. 'ही माहिती खोटी निघाली तर तुम्ही थांबणार का?' हेही विचारायला हवं. उत्तर 'नाही' असेल, तर ती माहिती युद्धाचं कारण नाही, निमित्त आहे. आणि निमित्ताला पुरावा लागत नाही.