रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखतेच

ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी 1958 साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निकष साधा होता: निदान तीन महिन्यांच्या काळात तीनदा तरी पोट इतके दुखले पाहिजे की मुलाचे रोजचे व्यवहार अडावेत. अशी मुले दहा टक्क्यांहून थोडी जास्त निघाली, आणि अशा मुलांपैकी फारच थोड्यांत बोट ठेवता येईल असा रोग सापडतो, हेही अ‍ॅप्लींनी दाखवून दिले. त्यानंतर सोनोग्राफी आली, लवचीक नळीची एंडोस्कोपी आली, रक्ताच्या नाना तपासण्या आल्या. पोटदुखी काही हटली नाही. जगभरच्या अभ्यासांची 2015 मध्ये एकत्र मांडणी झाली, तेव्हा सापडण्याजोग्या कारणाशिवाय वारंवार पोट दुखणाऱ्या मुलांचे प्रमाण साडेतेरा टक्के आले. चाळीस मुलांच्या वर्गात अशी पाच-सहा मुले बसलेली असतात.

तरी प्रत्येक घराला वाटते की हे आपल्याच वाट्याला आले. सकाळी शाळेच्या वेळेला बेंबीभोवती कळ येते, मळमळते, डबा तसाच परत येतो. संध्याकाळी तेच मूल खाली क्रिकेट खेळताना दिसते आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, नाटक करतोय. दुसरा म्हणतो, आत काहीतरी मोठे आहे आणि डॉक्टरांना ते कळत नाही. जंताचे औषध होते, बेंबीला हिंग लागतो, मुरडशेंग उगाळली जाते, दृष्ट काढली जाते, डॉक्टर बदलतात. मध्येच कुणीतरी आईला ऐकवतो की बाहेरचे खायला देता, मग दुसरे काय होणार. फाईल जाड होत जाते आणि तिच्यातला प्रत्येक कागद ‘नॉर्मल’ म्हणतो.

एकमेकांशी भांडणारे हे दोन्ही तट खरे तर एकच गोष्ट धरून चालतात: दुखणे खरे असेल तर ते तपासणीत दिसलेच पाहिजे. घोळ तिथेच आहे.

कॅनडातल्या वॉकर्टन या लहान गावात मे 2000 मध्ये नळाच्या पाण्यातून जिवाणू पसरले. सुमारे 2,300 माणसे आजारी पडली, सात दगावली. जुलाब थांबले, जंतू गेले, गाव पुन्हा कामाला लागले. संशोधक मात्र पुढची अनेक वर्षे गावकऱ्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवत राहिले. त्या साथीत सापडलेल्या मुलांपैकी साडेदहा टक्क्यांना पुढे दीर्घकाळ पोटाचा त्रास जडला. साथीतून सुटलेल्या मुलांत हे प्रमाण अडीच टक्के होते. जंतू गेला तरी आतड्यातल्या मज्जातंतूंचा हळवेपणा मागे राहिला. उन्हाने भाजलेल्या पाठीला सुती सदराही झोंबतो, तसे या मुलांना आतड्याची नेहमीची हालचाल, थोडासा वायू, जेवणानंतरचा ताण दुखण्यासारखा जाणवतो. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे जाळे असते आणि त्याचा मेंदूशी अखंड संवाद चालू असतो. परीक्षेची भीती पोटात उतरते ती याच वाटेने. सोनोग्राफीत सूज दिसेल, खडा दिसेल. हळवेपणा दिसण्याची सोय तिच्यात नाही. दर पावसाळ्यात घराघरांत जुलाब-उलट्या होणाऱ्या आपल्या मुलखाला तर वॉकर्टन दूरचे वाटण्याचे कारणच नाही.

तरीही, आत काहीतरी मोठे असेल ही आईबापांची भीती वेडगळ ठरत नाही. चार्ल्स डार्विनची लाडकी मुलगी अ‍ॅनी 1850 च्या उन्हाळ्यापासून आजारी राहू लागली. बापाचे स्वतःचे पोट उभ्या आयुष्यात धड नव्हते. आपलाच दोष मुलीत उतरला की काय, ही धास्ती त्याला होती. डॉ. गली यांच्या जलोपचारांनी त्याला स्वतःला गुण आला होता, म्हणून त्याने तिलाही मॅल्व्हर्नला नेले. तिथे एप्रिल 1851 मध्ये उलट्यांनी आणि तापाने खंगून ती दहा वर्षांची पोर गेली. तिला क्षय असावा, असा कयास डार्विनचे खापरपणतू रँडल केन्स यांनी मांडला आहे. कारण सापडत नाही म्हणून कारण नाहीच, असे कुणी ठामपणे म्हणू लागले की अ‍ॅनी आठवावी. आणि बॅरी मार्शलही. जठरातल्या अल्सरचे खापर ताणतणावावर फोडले जात असताना या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1984 मध्ये जिवाणू स्वतः पिऊन दाखवले आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल घेतले.

पण आजच्या डॉक्टरकडे 1851 च्या मानाने एक मोठी सोय आहे. कुठे पुढे खणायचे आणि कुठे थांबायचे, याची बरीचशी खूण त्याला ठाऊक असते. वजन घटणे, उंची खुंटणे, शौचातून रक्त, हिरवी उलटी, वारंवार ताप, झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, सांधे सुजणे, बेंबीपासून दूर एकाच जागी ठाण मांडलेले दुखणे, घरात आतड्याच्या आजाराचा किंवा गव्हातल्या ग्लूटेनने होणाऱ्या सिलियाकचा इतिहास: यांतले काहीही असेल तर शोध थांबवणे हा गुन्हा आहे. यांतले काहीच नसेल आणि मूल नीट वाढत असेल, तर आणखी दहा तपासण्यांतून हाती काही लागण्याची शक्यता फार थोडी उरते.

उलट भलतेच काही हाती लागते. आपल्याकडे हा प्रकार सर्रास घडतो. सोनोग्राफीच्या अहवालात ‘पोटात गाठी’ दिसतात आणि घराचा धीर सुटतो. निरोगी मुलांच्या पोटातही आतड्याजवळच्या लहान लसिका ग्रंथी दिसतात. आठ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या ग्रंथींना एरवी काही अर्थ नसतो. पण क्षयाची एवढी दहशत असलेल्या देशात तेवढ्याच कागदावरून सहा महिन्यांची औषधे सुरू झाल्याची उदाहरणे बालरोगतज्ज्ञांना नवी नाहीत. मार्शलच्या जिवाणूचेही तेच: या प्रकारच्या पोटदुखीत मुलांची त्यासाठी तपासणीच करू नये, असे युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितले आहे. खोटे कारण मिळाल्याने घर काही दिवस शांत होते, मुलाला मात्र नको ती औषधे पोटात घ्यावी लागतात.

घरातल्या वागणुकीबद्दल सगळ्यांत बोलका प्रयोग अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात लिन वॉकर यांनी केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी पाजले. मग काही पालकांनी मुलाच्या त्रासाची विचारपूस करायची, काहींनी विषय बदलून दुसऱ्या गप्पा मारायच्या, काहींना काहीच सूचना नाही. सूचना नसलेल्या गटाच्या तुलनेत विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, लक्ष वळवलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. पोटदुखीच्या मुलांच्या पालकांना मात्र वाटत होते की लक्ष वळवण्यानेच मुलाचे जास्त नुकसान होईल. मुलांचे मत उलटे पडले: आईबाबांमुळे बरे वाटले, असे लक्ष वळवलेल्या गटाने म्हटले.

याचा अर्थ दुर्लक्ष करा असा लावणे सोपे आहे आणि चूकही. दुखण्याची नोंदवही डॉक्टरांसाठी दोन-तीन आठवडे उपयोगी पडते: काय खाल्ले, केव्हा दुखले, त्या दिवशी शाळेत काय होते. महिनोन्‌महिने रोज सकाळी ‘आज दुखतंय का’ असे विचारत राहिले, की मूल उत्तर देण्यासाठी पोटात डोकावू लागते. डार्विन स्वतःच्या प्रकृतीची रोज बारकाईने नोंद ठेवत असे. त्याने त्याचे पोट सुधारल्याचे कुठे दिसत नाही.

औषधांचे काय? अमेरिकेत 2009 मध्ये एका औषधाची साखरेच्या गोळीशी तुलना झाली, तेव्हा दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक मुलांना आराम पडला आणि औषध फारसे पुढे गेले नाही. कळ येते-जाते, कुणीतरी मनापासून लक्ष घातले की आणखी ओसरते. हिंगाला आणि मुरडशेंगेला गुण येतो त्याचे हेही एक कारण. हिंगाला हसू नये. पण मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याला तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्या ‘डंब्या’लाही असाच गुण आल्यासारखा वाटतो, म्हणून ती प्रथा मरत नाही.

सिएटलच्या रोना लेव्ही यांनी दोनशे मुलांवर केलेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूल आणि पालक यांच्या अवघ्या तीन बैठका होत्या: श्वास सावकाश कसा घ्यायचा, दुखत असताना कामे कशी चालू ठेवायची, पालकांनी कशाला दाद द्यायची आणि कशाला नाही. दुखणे कमी झाले. आपल्याकडे अशा बैठका घेणारा माणूस तालुक्याला मिळणे कठीण आहे, त्यामुळे हे काम बालरोगतज्ज्ञाच्या गर्दीच्या ओपीडीतच व्हायला हवे आणि पहिल्याच भेटीत. ‘दुखणे खरे आहे, याला नाव आहे, या चार तपासण्या करू, त्या ठीक आल्या तर मूल सोमवारपासून शाळेत जाईल’ हे सुरुवातीला सांगितले तर निदान वाटते. पंधरा तपासण्यांनंतर सांगितले तर डॉक्टरने हात टेकल्यासारखे वाटते. शाळेलाही चिठ्ठी द्यावी: कळ आली तर घरी फोन करू नका, मुलाला अर्धा तास आडवे होऊ द्या आणि मग परत वर्गात बसवा, वर सांगितलेल्यांपैकी एखादी धोक्याची खूण दिसली तर मात्र त्याच दिवशी कळवा.