हिशेब कुणाला द्यायचा?

नेता आपला आहे. लढा खरा आहे. लढ्यापायी नेत्यानं तुरुंगही पाह्यलाय. मग त्याच्याकडं हिशेब मागायचा की नाही? हा प्रश्न आला की कार्यकर्त्याची जीभ टाळूला चिकटते. मागितला तर फितूर, नाही मागितला तर भक्त.

दोस्तांनो, यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चकडं बघा. १८५७ साली केपच्या सिनडनं ठराव केला : काळ्या ख्रिस्त्यांनी गोऱ्यांबरोबरच उपासनेला बसावं हे शास्त्राला धरून आहे, पण काहींच्या दुबळेपणामुळं अडचण येत असेल तर त्यांची वेगळी सोय करावी. दुबळे कोण? ज्यांना काळ्या माणसाशेजारी बसवत नव्हतं ते! दुबळेपणा गोऱ्यांचा, आणि बाहेर काढलं काळ्यांना. १८८१ साली त्यांची वेगळी 'मिशन चर्च' उभी राहिली.

या चर्चमध्ये बिशप नसतो. पाळकावर मंडळीतल्या वडिलांची नजर असते, त्यांच्यावर सिनड. म्हणजे हिशेब देण्याची चौकट पक्की होती. पण हिशेब जायचा कुणाकडं? आतल्या गोऱ्याकडं. दाराबाहेरच्याला त्या चौकटीत तोंड उघडायला जागाच नव्हती. पाळक मंडळीशी इमानदार राह्यले आणि ख्रिस्ताशी बेइमान झाले.

ही बेइमानी चव्हाट्यावर आणली ती बाहेर काढलेल्यांनीच. ॲलन बोसाक हे त्यांच्यातले पाळक. १९८२ साली ओटावा इथं रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेनं वर्णभेदाचं धार्मिक समर्थन पाखंड ठरवलं, दोन गोऱ्या चर्चेसचं सभासदत्व स्थगित केलं आणि बोसाक यांना अध्यक्ष निवडलं. त्याच साली मिशन चर्चनं बेल्हार इथं आपल्या श्रद्धेचा जाहीरनामा मांडला, १९८६ साली तो स्वीकारला. देव नाडलेल्यांच्या बाजूला उभा आहे, चर्चनंही तिथंच उभं राहावं, असा त्याचा गाभा. मधे १९८५ साली सरकारनं बोसाक यांना अटकेत टाकलं.

आणि १९९९ साली, गोऱ्यांचं राज्य संपल्यावर, कोर्टानं याच बोसाक यांना देणग्यांच्या पैशात अफरातफर केल्याबद्दल दोषी ठरवलं. ६ वर्षांची शिक्षा अपिलात ३ वर्षांवर आली. त्यांनी गुन्हा कबूल केला नाही. २००५ साली राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली.

दोन्ही गोष्टी पचवायला शिका. लढा होता म्हणून निकाल पुसला जात नाही. निकाल लागला म्हणून लढा खोटा ठरत नाही.

कुणी म्हणेल, दडपशाहीत पावत्या पोलिसांच्या हाती लागल्या तर माणसं आत जातात. खरंय. अशा वेळी वही लपवावीच लागते. पण वही लपवणं वेगळं आणि वहीच नसणं वेगळं. सगळ्या जगाला नको, तिघाचौघांना तरी माहीत पाह्यजे. आणि त्यातला एक तरी नेत्याच्या मेहेरबानीवर जगणारा नसावा. नाहीतर गुप्तता लढ्यासाठी सुरू होते आणि माणसासाठी चालू राहते.

'शत्रूच्या हाती आयतं कोलीत जाईल' म्हणून आपण गप्प बसतो. अरे, वेळेवर विचारलेला प्रश्न बैठकीत मिटतो. न विचारलेला कोर्टात जातो. तिथं नेता एकटा उभा असतो. जयजयकार करणारे घरी असतात. म्हणजे प्रश्न विचारणाराच त्याच्या जास्त कामाचा होता.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं की धर्मात भक्ती चालेल, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. चर्चचा अनुभव आणखी एक पाऊल पुढं जातो : धर्मातसुद्धा पुढाऱ्याची भक्ती परवडत नाही. देवाची भक्ती करणाऱ्या मंडळीनंही पाळकाची वही बघितलीच पाह्यजे.

तेव्हा प्रत्येक बैठकीत दोन प्रश्न हवेत. पैसा कुठून आला, कुठं गेला? आणि ज्याच्या नावानं ही बैठक आहे तो आत बसलाय की दाराबाहेर उभा आहे? पहिला प्रश्न बुडाला की लढणारा माणूस बुडतो. दुसरा बुडाला की १८५७ चा ठराव पुन्हा पास होतो, आणि हात वर करणारे सगळे सज्जनच असतात.