मौनाचे चित्रण : बायबलची चित्रपटरूपे आणि संहितानिष्ठेचा प्रश्न

साहित्यकृतीच्या चित्रपटरूपाची चर्चा करताना 'मुळाशी प्रामाणिक' किंवा 'मुळापासून ढळलेले' असे निवाडे समीक्षेत सहजपणे दिले जातात. कादंबरीच्या बाबतीत असा निवाडा चुकला तरी फार बिघडत नाही. एका लेखकावर अन्याय होतो, इतकेच. बायबलच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूप पालटते. जिला कोट्यवधी माणसे ईश्वरी वचन मानतात आणि जिच्यातील काही वाक्यांचा आधार घेऊन इतिहासात माणसांचे प्राणही घेतले गेले, अशा संहितेशी प्रामाणिक राहणे म्हणजे नेमके कशाशी प्रामाणिक राहणे, हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राच्या कक्षेत मावत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो.

पहिली अडचण बायबलच्या कथनशैलीतच आहे. एरिक आउअरबाखने 'मिमेसिस' (१९४६) या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात 'ओडिसी'तील व्रणाचा प्रसंग आणि उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातील इसहाकाच्या बलिदानाची कथा शेजारीशेजारी ठेवून हा भेद दाखवून दिला. होमर वस्तू, भावना, पूर्वेतिहास असे सारे उजेडात आणतो. हिब्रू कथन कृतीला आवश्यक तेवढेच सांगते आणि उरलेले अंधारात ठेवते. अब्राहामाला आज्ञा होते. तो पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडतो, मुलाला आणि दोन चाकरांना बरोबर घेऊन निघतो. तिसऱ्या दिवशी त्याला ती जागा दुरून दिसते. मधल्या वाटेत काय घडले, बापाच्या मनात काय होते, निघताना सारेला काही सांगितले की नाही, इसहाक वयाने केवढा होता, याविषयी चकार शब्द नाही. हे मौन म्हणजे कथनातील उणीव नव्हे. त्या तीन दिवसांचे ओझे वाचकाला स्वतः वाहावे लागते आणि कथेचा धाक त्या ओझ्यातूनच निर्माण होतो.

चित्रपटाला हे मौन पाळता येत नाही. तीन दिवसांचा प्रवास वगळून थेट डोंगराच्या पायथ्याशी जाणे संकलनाच्या एका कापाने साधेल; परंतु अब्राहाम पडद्यावर आला की त्याला चेहरा असतो, आणि चेहरा काही ना काही सांगतच राहतो. शब्दाने जे अनिश्चित ठेवले ते कॅमेऱ्याला निश्चित करावे लागते. त्यामुळे 'काहीही न घालता' केलेले बायबलचे चित्रपटरूप ही अशक्य कोटीतली गोष्ट आहे. भर किती घातली, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरतो. घातलेली भर संहितेशी काय करते, हे पाहावे लागते.

जॉन ह्यूस्टनच्या 'द बायबल : इन द बिगिनिंग' (१९६६) या चित्रपटातील एक भर या दृष्टीने उद्बोधक आहे. ख्रिस्तोफर फ्राय या नाटककाराने पटकथा लिहिलेल्या या चित्रपटात निवेदकाचा आणि देवाचा आवाज ह्यूस्टनचाच आहे, शिवाय नोहाची भूमिकाही त्यानेच केली आहे. संहितेचा कर्ता, देव आणि भक्त यांचा कंठ एकच असावा, यातला विनोद दिग्दर्शकाला जाणवला असावा अशी शंका येते. बलिदानाच्या वाटेवर हा चित्रपट बापलेकांना सदोमच्या उद्ध्वस्त अवशेषांतून नेतो. जॉर्ज सी. स्कॉटचा अब्राहाम पुढे चालतो आणि मुलगा भोवतालचा विध्वंस पाहून इथली लेकरेसुद्धा दुष्ट होती काय, अशा अर्थाचा प्रश्न विचारतो. उत्पत्तीत हा प्रसंग नाही. तरीही त्याचे बीज उत्पत्तीतच आहे. अठराव्या अध्यायात सदोमच्या नाशाची वार्ता कळताच हाच अब्राहाम देवाशी वाद घालतो. दुर्जनांबरोबर सज्जनांचाही नाश करणार काय, असे विचारीत पन्नासांवरून दहांपर्यंत घासाघीस करतो. परक्या नगरासाठी इतके बोलणारा हा माणूस स्वतःच्या मुलाच्या वेळी मात्र एक शब्दही उच्चारीत नाही. दोन अध्यायांमधील ही विसंगती संहिता कुठेही बोलून दाखवीत नाही. फ्राय आणि ह्यूस्टन यांनी अठराव्या अध्यायातला बापाचा प्रश्न बाविसाव्या अध्यायात मुलाच्या तोंडी घातला. अक्षराशी ताडून पाहता ही फारकत आहे. परंतु संहितेने जिथे गाठ मारून ठेवली होती, नेमक्या तिथेच हे बोट पडले आहे. या कथेचे अनेक अक्षरनिष्ठ अनुवाद वाचूनही जे ध्यानात येत नाही ते या एका कल्पित प्रश्नाने येते.

अशी भर घालण्याची परंपरा चित्रपटाहून कितीतरी जुनी आहे. रब्बींच्या मिद्राशांनी अब्राहामाच्या वाटेवर सैतानाला आणून उभे केले आणि त्याच्याकरवी बापाच्या मनातले वदवून घेतले. सोरेन कीर्केगार्दने 'भय आणि कंप' (१८४३) या ग्रंथाच्या आरंभी हाच प्रवास चार वेगवेगळ्या रीतींनी सांगितला. ग्रंथासाठी त्याने घेतलेल्या टोपणनावातच 'मौन' आहे. फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) हे मराठीतले याच जातीचे उदाहरण होय. जुन्या आणि नव्या कराराची कथा ओवीत सांगताना त्याने स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आणि कथनाला पुराणाचा साज चढविला. ऐकणाऱ्याला पुराण म्हणजे काय हे ठाऊक होते. सांगणारा कोणी आहे, तो ऐकणाऱ्यांसाठी सांगतो आहे, ही जाणीव त्या रूपातच गृहीत होती. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. भर ही भर म्हणून ओळखू येते. परंपरागत छापील हिब्रू बायबलच्या पानावर मध्ये मूळ आणि भोवती भाष्य असते. दोहोंमधला सांधा डोळ्यांना दिसतो, आणि भाष्य कितीही धाडसी असले तरी मूळ आपल्या जागी राहते.

चित्रपटात हा सांधा बुजतो. मत्तयाचे वाक्य, दिग्दर्शकाची कल्पना आणि वेशभूषाकाराची अटकळ ही तिन्ही एकाच प्रकाशात, एकाच अधिकाराने समोर येतात. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. तो पाहताना आपल्या मनःचक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी पुढे १९१७ साली 'नवयुग'मध्ये लिहिले. त्या आठवणीचा उल्लेख भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत नेहमी होतो. प्रस्तुत संदर्भात तिच्यातली वेगळी बाजू महत्त्वाची आहे. फाळके यांच्यासारखा प्रेक्षक पडद्यावरच्या येशूच्या जागी दुसरी प्रतिमा ठेवू शकला, कारण ती कथा त्याच्या श्रद्धेची नव्हती. श्रद्धावंत प्रेक्षकाला ही मोकळीक क्वचितच मिळते. एकदा पाहिलेला चेहरा पुढे वाचतानाही डोळ्यांसमोरून हलत नाही.

सेसिल बी. डिमिलला या अडचणीची थोडीफार कल्पना होती. 'द टेन कमांडमेंट्स' (१९५६) या चित्रपटाच्या आरंभी तो स्वतः पडद्यासमोर येऊन सांगतो की मोशेच्या आयुष्यातील सुमारे तीस वर्षे बायबलने गाळली आहेत आणि ती फायलो, जोसिफस अशा प्राचीन लेखकांच्या आधारे भरून काढली आहेत. त्याच भाषणात, माणसे ही राज्यसंस्थेची मालमत्ता आहेत की ईश्वराधीन स्वतंत्र जीव, असा प्रश्न तो करतो. शीतयुद्धाच्या काळातल्या अमेरिकी प्रेक्षकाला त्यातला फारो ओळखायला वेळ लागला नसेल. सांध्याची कबुली अशी प्रारंभीच दिली जाते आणि पुढच्या साडेतीन तासांहून अधिक वेळच्या भव्यतेखाली ती पुरली जाते. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात दोन वचनांमधल्या फटीत बसणारी नेफ्रेतिरीची प्रेमकथा प्रेक्षक मोशेच्या चरित्राचा भाग म्हणूनच घरी नेतो.

पिएर पावलो पासोलिनीच्या 'मत्तयकृत शुभवर्तमान' (१९६४) या चित्रपटाकडे अक्षरनिष्ठेचा आदर्श म्हणून बोट दाखविले जाते. मार्क्सवादी आणि निरीश्वरवादी असलेल्या या कवीने स्वतंत्र संवाद लिहिण्याचे नाकारले आणि मत्तयाचीच वचने वापरली. पॅलेस्टाईनची पाहणी करून आल्यावर ती भूमी त्याला अतिआधुनिक वाटली. म्हणून त्याने दक्षिण इटलीतील मातेरासारख्या दरिद्री गावांत, व्यावसायिक नट न घेता चित्रण केले. पार्श्वसंगीतात बाखच्या जोडीला अमेरिकी निग्रो आध्यात्मिक गीत आणि कांगोतील मिस्सा येतो. ही सरमिसळ कुठेही लपविलेली नाही. पहिल्या शतकाचा भास निर्माण करण्याचा प्रयत्नच नसल्यामुळे इथे सांधा उघडा राहतो. चित्रपटाचा आरंभही पाहण्यासारखा आहे. मरीया गरोदर असल्याचे योसेफाला कळले आणि त्याने गुपचूप सोडचिठ्ठी द्यायचे ठरविले, एवढेच मत्तय सांगतो. पासोलिनी तिचा चेहरा दाखवतो, मग त्याचा, पुन्हा तिचा. कोणी बोलत नाही. संहितेच्या मौनाला उत्तर न देता त्याच्यासमोर थांबणे चित्रपटाला जमू शकते, याचा हा दुर्मीळ दाखला आहे.

तरीही वधस्तंभाच्या प्रसंगी हा अक्षरनिष्ठ दिग्दर्शक मत्तयाला सोडतो. मत्तयाने दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत मरीया मग्दालीया, याकोब व योसे यांची आई आणि जब्दीच्या मुलांची आई यांचा निर्देश केला आहे. येशूच्या आईला वधस्तंभापाशी उभे करतो तो योहान. पासोलिनीच्या चित्रपटात मात्र आई तिथे आहे, दुःखाने कोसळणारी आहे, आणि ती भूमिका त्याच्या स्वतःच्या आईने, सुझाना पासोलिनीने केली आहे. तिच्या तोंडी एकही शब्द नाही. म्हणजे शब्दांपुरता नियम पाळला गेला आणि चित्रात मोडला गेला. या मोडण्याला अप्रामाणिकपणा म्हणणे कठीण आहे. पोटचा मुलगा मरताना पाहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकरी बाईचा आकांत शुभवर्तमानात नाही; पण ज्यांच्यासाठी शुभवर्तमान सांगितले गेले त्यांच्या घरांत तो नेहमीच होता.

इथवरचा विचार भर घालण्याविषयीचा झाला. अधिक बिकट प्रश्न संहितेत स्पष्टपणे असलेल्या वाक्याचा आहे. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पिलात हात धुतो, आणि याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो, या अर्थाचा घोष सर्व लोक करतात. मार्क, लूक व योहान यांत हे वाक्य नाही. इ. स. ७० मध्ये यरुशलेमेचे मंदिर पडल्यानंतरच्या काळात, यहुदी समाजातीलच दोन गटांच्या कडव्या वादात ते लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे ख्रिस्ती बहुसंख्याकांच्या हाती पडल्यावर त्याचा अर्थ पालटला आणि शतकानुशतके यहुद्यांच्या कत्तलींना ते समर्थन म्हणून पुरविले गेले. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर ठेवता येणार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. छापील संहितेत अशा वाक्याला तळटीप देता येते. पडद्यावर तळटीप नसते; तिथे संतप्त जमाव असतो आणि त्याच्या मुखातला घोष असतो.

पासोलिनीने पिलातापुढील चौकशी दुरून, गर्दीतल्या डोक्यांआडून चित्रित केली. प्रेक्षक स्वतःच गर्दीत उभा राहतो. दोषी ठरविण्यासाठी दुसरा कोणी जमाव त्याच्यासमोर उरत नाही. डिमिलने त्याआधीच 'द किंग ऑफ किंग्ज' (१९२७) या मूकपटात निराळी वाट धरली होती. त्यात या मृत्यूचा भार माझ्यावर, एकट्या माझ्यावर असो, असे कयफा म्हणतो. 'आम्ही व आमची मुलेबाळे' यांचे 'मी एकटा' झाले. ही उघड उघड पाठभेदाची चोरी आहे, आणि तरीही यहुदी संघटनांचे आक्षेप थांबले नाहीत. महायाजकाला खलपुरुष करून लोकांना वाचविण्याची युक्ती त्यांना अपुरी वाटली. आक्षेप रास्तच होता. परंतु एका सर्वनामाच्या बदलासाठी डिमिलवर संहिताद्रोहाचा ठपका ठेवणाऱ्याने, अनेकवचन राखून कोणता धर्म पाळला जाणार होता, हेही सांगितले पाहिजे.

मेल गिब्सनच्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (२००४) या चित्रपटाने अस्सलपणाचा दावा सर्वांत मोठ्याने केला. पात्रे अरामाईक, लॅटिन आणि थोडी हिब्रू बोलतात. गंमत अशी की चारही शुभवर्तमाने ज्या भाषेत लिहिली गेली ती ग्रीक तेवढी या चित्रपटात नाही. म्हणजे अस्सलपणा घटनेचा हवा आहे, संहितेचा नव्हे. मत्तयाच्या ग्रीक मुळात फटके मारण्याच्या प्रसंगाला अवघे एक कृदंत मिळाले आहे. गिब्सन त्यावर कित्येक मिनिटे खर्च करतो. पिलाताची पत्नी मरीयेला कापड आणून देते, हा प्रसंग तर आन्ना काथारीना एमेरिख या जर्मन जोगिणीच्या दृष्टांतांतला. ते क्लेमेन्स ब्रेंटानोने १८३३ साली प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकातले हे साहित्य पहिल्या शतकाच्या भाषेत बोलू लागते तेव्हा सांधा पूर्णपणे बुजतो. शिवाय हा चित्रपट चारही शुभवर्तमानांतून निवड करीत जातो. त्यामुळे केवळ मत्तयात आढळणारे रक्ताचे वाक्य घेताना 'संहितेत आहे' ही सबब त्याला उपलब्ध नव्हती. पासोलिनीला ती होती.

प्रदर्शनापूर्वीच्या वादानंतर गिब्सनने त्या वाक्याचा जो निकाल लावला तो संहितानिष्ठेच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल. वाक्य कापले गेले नाही. फक्त त्याचे उपशीर्षक काढून टाकले गेले. ध्वनी राहिला, अर्थ गेला. मूळ अक्षर राखल्याचे समाधान दिग्दर्शकाला मिळाले, आणि जगभरच्या बहुतेक प्रेक्षकांच्या कानांवरून तो घोष गलक्याचा एक भाग म्हणून निघून गेला. मात्र ज्या भाषेत तो घोष आहे तिच्याच एका रूपात बाबिलोनी तालमुदाचा मोठा भाग लिहिलेला आहे. त्या अंधाऱ्या प्रेक्षागृहात उपशीर्षकावाचून तो ज्यांना कळू शकतो, त्यांत तालमुद वाचणारा यहुदी विद्यार्थीही बसलेला असू शकतो.