चालू स्थितीत

मराठी भाषेत 'चालू' या एका शब्दाने जितका घोळ घालून ठेवला आहे, तितका आमच्या शाखेतल्या सस्पेन्स खात्यानेही घातला नसेल. बँकेत 'चालू खातं' म्हणजे मोठं प्रस्थ. त्या खात्यावर दमडीचं व्याज मिळत नाही, तरीही ते उघडणाऱ्याला मॅनेजरसाहेब जातीने चहा पाजतात. त्याच गृहस्थाची पाठ वळल्यावर 'भलताच चालू आहे हो!' असं कुणी म्हणालं, तर ती स्तुती नसते. बाजारात 'चालू माल' म्हणजे हलका माल. आणि विजेवरची वस्तू 'चालू' असली म्हणजे मात्र उत्तम! या चार पात्यांच्या कात्रीत मी 2011 च्या दिवाळीत सापडलो, तो आमच्या प्रोजेक्शन टीव्हीमुळे.

हल्लीच्या पोरांना तो टीव्ही सांगूनही कळायचा नाही. भिंतीवर चिकटणारी ही पापडं पाहून त्यांना टीव्हीला पोट असतं हेच ठाऊक नाही. आमचा टीव्ही म्हणजे चांगलं गोदरेजच्या निम्म्या कपाटाएवढं धूड होतं. त्याच्या पोटात सात-सात इंची तीन ट्यूबा : एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येकीने आपापलं चित्र भिंगातून तिरक्या आरशावर फेकायचं, आरशाने ते पाठीमागून पडद्यावर फेकायचं, आणि तिन्ही चित्रं नेमकी एकावर एक बसली की आपल्याला ते रंगीत दिसायचं. 'तीन तिगाडा, काम बिगाडा' हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असताना कुणा शहाण्या इंजिनिअरने सगळा डोलारा तिघांच्या एकमतावर उभा केला, देव जाणे. हे एकमत घडवून आणायला आत अठरा-अठरा पायांचे दोन आयसी असतात. ते थकले की तिघी तीन दिशांना जातात. आमच्याकडे टीव्ही लावल्यावर दहाव्या मिनिटाला बातम्या देणाऱ्या बाईंना तीन रंगांच्या तीन टिकल्या फुटत, आणि क्रिकेटच्या सामन्यात स्टंप नऊ होत. गोलंदाजाची चंगळ!

मी बी.कॉम. असलो तरी हातात पाना-पक्कड आल्यावर मला कुणी आवरू शकत नाही. प्लग काढून रात्रभर टीव्ही तसाच ठेवला, कारण आत तीस हजारांच्या घरात व्होल्ट असतात, आणि बँकेतल्या माणसाला एवढा आकडा दुसऱ्याच्या नावावरच बघायची सवय. मग लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "ओरिजिनल देऊ, का चालू?" तिप्पट पैसे मोजून ओरिजिनल घेतले. एक रविवार छत्तीस टाके घालण्यात गेला. (सोल्डरिंगच्या धुराने भाजी करपल्याचा आरोप हिने माझ्यावर केला, तो मला मान्य नाही.) मग रिमोटने पडद्यावरच्या रेघा जुळवायच्या. त्यात हिरव्या रेघेला हात लावायचा नसतो. लाल आणि निळीने सरकत सरकत तिच्यावर येऊन बसायचं. प्रत्येक घरात एक हिरवी रेघ असतेच. आमच्या घरात ती कोणती, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

एवढ्या खटाटोपानंतर दहा मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. पंचवीस मिनिटं चित्र कसं, तर काचेसारखं! सव्विसाव्या मिनिटाला पुन्हा टिकल्या.

तेवढ्यात दिवाळीची जाहिरात आली : जुना टीव्ही चालू स्थितीत आणा, नव्यावर पाच हजार सूट. दुकानातल्या पोराने फॉर्म पुढे ओढला. 'टीव्ही चालू आहे का?' यापुढे दोनच चौकोन, होय आणि नाही. 'पंचवीस मिनिटं' असा चौकोन नव्हता. मी तोंड उघडायच्या आत त्याने 'होय'वर बरोबरची खूण करून टाकली.

आता सांगा, दुसऱ्याने केलेली खूण पुसायला जाणं माझं कर्तव्य आहे का? "आपण कुठं खोटं बोललो?" असं हिचं म्हणणं. कायदाही हिच्याच बाजूचा दिसतो. 1930 चा मालविक्रीचा कायदा आम्हाला कॉलेजात होता. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं, असं त्याचं मूळ तत्त्व. ते दिवसा पटतं. रात्री अंथरुणावर पडलं की धर्मराज आठवतो. त्या बिचाऱ्याने 'नरो वा कुंजरो वा'तला 'कुंजर' निदान हळू आवाजात तरी म्हटला, आणि तेवढ्यावर त्याचा चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला. मी तर काहीच म्हटलं नव्हतं. म्हणजे माझी बाजू त्याच्याहून भक्कम, की त्याच्याहून लंगडी? खरं सांगायचं तर मला झोप लागत होती, कारण पलीकडे दुकान होतं. दुकानाला चेहरा नसतो. काउंटरच्या अलीकडची माणसं आम्हा बँकवाल्यांविषयी असाच विचार करत असणार. जास्तीचे शंभर हातात पडले तर मुकाट खिशात घालतात. पुढे ते कॅशिअरच्या पगारातून जातात, हे त्यांच्या गावीही नसतं.

शनिवारी टेंपो आला. टेंपोवाल्याने टीव्हीवरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. म्हणाला, "साहेब, ही पेटी शेठ मला दोन हजारात देनार हाय. पोरीनं डोकं खाल्लंय मोठ्या टीव्हीसाठी. चालू हाय ना?"

फॉर्ममध्ये होता तोच प्रश्न, अगदी शब्दाला शब्द. पण या खेपेला समोर पेन नव्हतं, तर घाम पुसणारा माणूस होता, आणि त्याच्या दोन हजारांत त्याच्या किती खेपा होत्या, याचा हिशेब माझ्या मनाने आपणहून करून टाकला. मी त्याला सगळं सांगितलं : पंचवीस मिनिटं, आयसी, टाके, हिरवी रेघ, सगळं. ही दारात पाच हजारांच्या सुटीची पावती घेऊन उभी होती.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग खिशातून मोबाइल काढला. "शेठ, पेटी पंधरा मिंटंच चालते. साहेबच म्हनतायत. हजारच्या वर नाय देनार." आणि फोन माझ्यापुढे धरला. "शेठ इचारतायत, खरंय का."

ही माझ्याकडे बघत होती. तोही बघत होता. मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "पंधरा कोण म्हणतं? चांगली पंचवीस मिनिटं चालतो!"